टॉवेलच्या कारखान्याचं लाइटबिल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या एका ओळखीच्या मालकांनी परवा चहा मागवला आणि टेबलावर दोन महिन्यांची लाइटबिलं ठेवली. "युनिट बघा. गेल्या महिन्यापेक्षा कमीच जळलेत. आता रक्कम बघा." रक्कम चांगलीच फुगली होती. मीटर पळतोय, हा त्यांचा निकाल आधीच लागलेला. मला बोलावलं होतं ते फक्त मान डोलवायला.

मीटर पळत नव्हता. त्या बिलावर तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींचा हिशेब होता आणि मालक एकच ओळ वाचत होते, किती युनिट जळले ही. वीज कधी घेतली, एका वेळी जास्तीत जास्त किती ओढली, ओढलेल्यातली किती खरंच कामाला आली, या ओळी ते सोडून देत होते. राज्याच्या वीज नियोजनाचा कारखानदाराशी जो काही संबंध येतो, तो नेमका याच ओळींतून. म्हणून आधी नियोजन बघू, बिलाकडे मागून येऊ.

आषाढीच्या जादा गाड्या

पंढरपूरचं एसटी आगार डोळ्यांसमोर आणा. वर्षभर जेवढ्या गाड्या पुरतात, त्याच्या कितीतरी पट आषाढीला लागतात. त्या सगळ्या पंढरपूर आगाराने स्वतःच घेऊन ठेवल्या तर उरलेलं वर्ष त्या उन्हात उभ्या राहतील आणि त्यांचे हप्ते रोजच्या प्रवाशाच्या तिकिटावर बसतील. म्हणून महामंडळ राज्यभरातल्या आगारांतून जादा गाड्या काढतं. वारी संपली की त्या आपापल्या गावी परत जातात.

विजेचं तसंच आहे, फक्त अडचण मोठी आहे. प्रवासी स्टँडवर तासभर थांबेल, वीज थांबत नाही. तुम्ही बटण दाबता त्याच क्षणी कुठल्यातरी वीजनिर्मिती संचातून तेवढी वीज बाहेर पडत असावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती मागे पडली की ग्रिडची, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, फ्रिक्वेन्सी (विजेचा ठेका) 50 हर्ट्झच्या खाली सरकते. नियमाने ती 49.90 ते 50.05 या चिंचोळ्या पट्ट्यात राहायला हवी. महाराष्ट्रापुरता हा तोल ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र चोवीस तास सांभाळतं.

त्यामुळे नियोजन करणाऱ्यापुढे प्रश्न दोन असतात. वर्षाला एकूण किती युनिट लागतील, हा पहिला. वर्षातल्या सगळ्यांत वाईट अर्ध्या तासात एकाच वेळी किती वीज लागेल, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावर कोळसा किती आणायचा ते ठरतं. दुसऱ्याच्या उत्तरावर संच किती बांधायचे, लाइनी किती जाड टाकायच्या, सबस्टेशन कुठे उभारायची हे ठरतं. खरे पैसे दुसऱ्यात जातात. वितरण कंपन्यांनी पुढच्या दहा वर्षांचा असा अंदाज मांडत राहावा, म्हणून केंद्राने जून 2023 मध्ये मार्गदर्शक तत्त्वंही काढली. त्यांना 'संसाधन पर्याप्तता' असं दातात अडकणारं नाव आहे. अर्थ एवढाच, की आषाढीला गाड्या कमी पडणार नाहीत ना, हे आधीच बघून ठेवा.

दुसऱ्या आगारातून गाड्या यायच्या तर मधे रस्ता हवा. इथे सोलापूरचं नाव येतं. 2013 सालापर्यंत दक्षिणेतल्या राज्यांचं ग्रिड उरलेल्या देशापासून तसं वेगळंच होतं. वीज जायची-यायची, पण मोजक्या डीसी दुव्यांवरून, आणि दोन्हीकडची फ्रिक्वेन्सी आपापली. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिण उरलेल्या देशाशी एका ठेक्यात जोडली गेली. 'एक देश, एक ग्रिड' म्हणतात त्यातला शेवटचा टाका आपल्या गावात पडला. आपण चादरीचं, हुरड्याचं, शेंगाचटणीचं कौतुक सांगत फिरतो. या लाइनचं नाव कुणाच्या तोंडी ऐकलं नाही.

दारात एनटीपीसी, तरी लाइट जाते

सोलापुरात हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्याचा निकाल एकदा लावायलाच हवा. दक्षिण सोलापुरात फताटेवाडी-आहेरवाडीच्या बाजूला एनटीपीसीचे 660 मेगावॉटचे दोन संच आहेत. पहिला 2017 साली कामाला लागला, दुसरा 2019 साली. एकूण 1320 मेगावॉट. उजनी धरणाच्या पायथ्याशी जो जलविद्युत संच आहे तो 12 मेगावॉटचा, म्हणजे बरोबर एकशे दहावा हिस्सा. शिवाय गळीत हंगामात साखर कारखान्यांची चिपाडावरची सहवीज असते. एवढं असून शहरात लाइट का जाते?

कारण एनटीपीसीची वीज आधी अतिउच्चदाबाच्या जाळ्यात जाते, सोलापूरच्या गल्लीत नाही. ती कुणाकुणाला द्यायची याचे राज्याराज्यांशी करार झालेले असतात, आणि कोणता संच किती चालवायचा हे बहुतेक करून इंधनखर्चाच्या क्रमाने ठरतं. स्वस्त आधी, महाग नंतर. जिथे कोळसा लांबून रेल्वेने आणावा लागतो, तिथला संच या रांगेत मागे राहतो. आणि तुमची लाइट जाते ती 11 केव्हीच्या फीडरवर, म्हणजे आपल्या भागात येणाऱ्या लाइनवर, फांदी पडली म्हणून, नाहीतर कोपऱ्यावरची डीपी जळाली म्हणून. पाण्याची टाकी शेजारी असली तरी नळ फुटला तर घरात पाणी येत नाही, त्यातला प्रकार.

यातली एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. रांगेत मागे असलेला संच बंद उभा असला तरी त्याच्या क्षमतेचा ठरलेला आकार वितरण कंपनीला भरावा लागतोच. आषाढीसाठी राखून ठेवलेल्या गाडीचा तो हप्ता आहे. हा हप्ता शेवटी येतो कुठे? आता मालकांचं बिल उघडू.

अर्ध्या तासाची उधारी

उच्चदाबाच्या, म्हणजे 11 केव्हीवर जोडलेल्या कारखान्याला 'मागणी आकार' लागतो. तो युनिटवर नसतो, केव्हीएवर असतो, म्हणजे एका वेळी तारेतून ओढलेल्या एकूण विजेच्या मापावर. महिनाभरात तुम्ही एका वेळी जास्तीत जास्त किती ओढलंत त्याचे हे पैसे.

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. मोटर सुरू होताना जो झटका बसतो तो डिमांडमध्ये धरला जातो, असं फिटर छातीठोकपणे सांगतात. तो धरत नाहीत. महाराष्ट्रात डिमांड सलग अर्ध्या तासाच्या वापरावरून काढतात. चार सेकंदांचा झटका अर्ध्या तासात विरघळून जातो. महागात पडते ती वेगळीच गोष्ट. दुपारी लाइट जाते, दोन तासांनी येते, आणि राहिलेलं काम भरून काढायचं म्हणून माग, डाइंगची मशीन, कॉम्प्रेसर, ड्रायर, बोअरचा पंप असं सगळं एकदम चालू होऊन अर्धा-पाऊण तास एकत्र धावतं.

आणि तो अर्धा तास त्या महिन्याबरोबर संपत नाही. उच्चदाब ग्राहकाची बिलिंग डिमांड काढताना त्या महिन्याची प्रत्यक्ष मागणी बघतात, तसंच मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वांत मोठ्या बिलिंग डिमांडचे 75 टक्केही बघतात, आणि जे जास्त असेल ते धरतात. करारातल्या मागणीच्या ठरावीक टक्क्यांची एक किमान पायरीही असते, ती वेगळी; इथे ती बाजूला ठेवू. समजा तुमचा करार 300 केव्हीएचा आहे, रोजचं काम 180 मध्ये भागतं, पण एका दुपारी काटा 280 वर गेला. त्या महिन्यात 280 चे पैसे भराच, पण पुढचे अकरा महिने 180 च वापरलेत तरी 210 चे द्या. कराराच्या वर गेलात तर त्या जादा भागाला दंडाचा दर.

हा अन्याय वाटतो. मलाही पूर्वी वाटायचा. पण कंपनीच्या बाजूने बघा. तुम्ही 280 मागितलेत तेव्हा तेवढी लाइन, तेवढा ट्रान्स्फॉर्मर, तेवढी वीज तयार होती, आणि उद्या पुन्हा मागाल म्हणून ती राखून ठेवावी लागते. आषाढीच्या गाडीचा हप्ता तुमच्या वाट्याला येतो तो असा. यावर डिमांड कंट्रोलर नावाचं एक साधं यंत्र मिळतं. काटा ठरवलेल्या आकड्याजवळ आला की ते भोंगा वाजवतं किंवा बिनघाईची एखादी मशीन बंद करतं. तेही नको असेल तर फिटरला एक कागद लिहून द्या, लाइट आल्यावर काय आधी चालू करायचं आणि काय अर्ध्या तासाने. तो कागद पॅनेलवर चिकटवा. खर्च काही नाही.

सीटवर टाकलेला रुमाल

एसटी स्टँडवर गाडी लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. रुमाल प्रवास करत नाही, तिकीट काढत नाही, पण सीट अडवतो. मोटरच्या बाबतीत असा रुमाल म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह वीज. मोटरला आत चुंबकीय क्षेत्र उभं करायला काही प्रवाह लागतो. तो काम करत नाही, नुसता तारेतून ये-जा करतो. पण तार अडते, ट्रान्स्फॉर्मर तापतो. एकूण ओढलेल्यातला कामाला आलेला हिस्सा किती, तो म्हणजे पॉवर फॅक्टर.

पूर्वी पॉवर फॅक्टर चांगला असला तर सूट आणि वाईट असला तर दंड असायचा. एप्रिल 2020 पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहक आणि 20 किलोवॉटच्या वरचे लघुदाब ग्राहक यांचं बिलच केव्हीएएचवर निघतं, म्हणजे रुमालासकट मोजणी. खऱ्या कामाचे 40,000 युनिट धरा. पॉवर फॅक्टर 0.98 असेल तर बिलावर साधारण 40,800 येतील. 0.80 असेल तर 50,000. माग तेवढेच, टॉवेल तेवढेच, आणि नऊ हजार युनिट हवेत.

याला उपाय कपॅसिटर, हे कारखान्यात पोरालाही माहीत असतं. फक्त एकदा बसवलेला कपॅसिटर जन्मभर पुरतो, असं धरून चालतात. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, सुताच्या धुळीने भरलेल्या पॅनेलमध्ये तो किती दिवस धड राहील? फ्यूज उडतो, कॉन्टॅक्टर चिकटतो, आणि कुणाला पत्ता लागत नाही, कारण माग चालूच असतात. उलटी चूकही होते. सुट्टीच्या दिवशी माग बंद आणि कपॅसिटर चालू राहिले तर दुसऱ्या बाजूचा भुर्दंड बसतो. आपोआप कमी-जास्त होणारं पॅनेल घ्या आणि महिन्यातून एकदा क्लॅम्प मीटर लावून बघा.

ही सगळी कटकट मोठ्यांची. साखर पेठेत किंवा दत्तनगरात घराच्या मागे बारा-चोवीस माग चालवणाऱ्याला 27 हॉर्सपॉवरपर्यंत याची झळ लागत नाही. 27 हॉर्सपॉवर म्हणजेच 20 किलोवॉट, त्याचं मोजमाप साध्या युनिटवर होतं. त्याची गळती दुसरीकडे असते, ती मोटरमध्ये. मोटर जळली की वाइंडिंगवाल्याकडे, परत जळली की परत. तीन-चारदा गुंडाळलेली जुनी 1 हॉर्सपॉवरची मोटर 72 टक्के कार्यक्षमतेवर आली असं समजू. त्याच ताकदीच्या नव्या आयई-3 (कमी वीज खाणाऱ्या वर्गातल्या) मोटरची कार्यक्षमता 82.5 टक्के असते. दिवसाला वीस तास, वर्षाला तीनशे दिवस, पूर्ण भाराला धरलं तर एका मोटरमागे वर्षाला जवळपास 790 युनिटचा फरक पडतो. चोवीस मागांना एकोणीस हजार युनिट. सगळ्या मोटरी एकदम बदला असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी जळेल ती गुंडाळायला टाकण्याआधी हा आकडा करून बघा.

फुकट सुटणारी हवा हे दुसरं मोठं भोक. कॉम्प्रेसरचा दाब एक बारने उतरवला तरी साधारण सहा-सात टक्के वीज वाचते, आणि कित्येक ठिकाणी तो दाब 'असू दे' म्हणून चढवून ठेवलेला असतो. पंख्याचं गणित तर जादूचं आहे. ब्लोअरचा वेग 80 टक्क्यांवर आणला की वीज निम्म्याच्या आसपास येते, कारण वेगाचा घन लागतो. म्हणून दार बंद करून हवा अडवण्यापेक्षा ड्राइव्ह लावून वेग कमी करावा. दिव्यांबद्दल लिहीत नाही. एलईडी लावायचं कुणाला सांगायची आता वेळ राहिली नाही.

रातपाळीचं उलटलेलं गणित

वर्षानुवर्षं आपल्याकडे रात्रीची वीज स्वस्त होती. उच्चदाब उद्योगाला रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे दीड रुपया सूट, आणि सकाळी नऊ ते बारा व संध्याकाळी सहा ते दहा जादा आकार. कारण उघड होतं. रात्री मागणी पडते, कोळशाचे संच पूर्ण बंद करता येत नाहीत, मग ती वीज घ्या बाबांनो. कित्येकांनी रातपाळीचं गणित या दीड रुपयावर बसवलं.

आता दुपारी सौरऊर्जा इतकी येते की दुपारीच वीज स्वस्त आणि मुबलक असते. ऊन उतरलं, दिवे-एसी लागले की संध्याकाळी तुटवडा. केंद्राच्या 2023 च्या नियमांनी तसं लिहूनच टाकलं. सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्क्यांनी कमी, आणि व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना गर्दीच्या वेळी किमान 1.20 पट. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या 2025 च्या आदेशात सवलतीची वेळ रात्रीवरून उचलून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 वर आली. त्यावरून फेरविचार, न्यायालय असा बराच धुरळा उडाला. त्यामुळे या महिन्याचा नेमका दर ताज्या बिलावर पाहावा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या तक्त्यावर नाही.

माग थांबवता येत नाहीत, ते कबूल. पण सूत रंगवण्याचे घाणे, कांड्या भरणं, टॉवेल वाळवणं, टाकीत पाणी चढवणं ही कामं दिवसात कोंबता येतात का? ज्याच्या पत्र्यावर जागा आहे त्याने सोलरचाही हिशेब करावा. एक किलोवॉटला दिवसाला चारेक युनिट मिळतात. फक्त दुपारी बनवलेल्या युनिटने संध्याकाळचं महाग युनिट फिटतं असं धरून कोटेशनवर सही करू नका. विक्रेत्याकडून ते आकडे वेळेनुसार वेगळे मागा.

सगळ्यांनी मिळून

एकट्याने वाचवणं आणि सगळ्या भागाने मिळून वाचवणं यांत फरक आहे, आणि महाराष्ट्राला हे नवं नाही. पिंपरी-चिंचवड, भोसरीचे कारखाने रविवारी नाही, गुरुवारी बंद असतात. ही सुट्टी मुद्दाम वेगवेगळ्या वारी वाटलेली, म्हणजे भार एका दिवशी कोसळू नये आणि एका दिवशी चढू नये. भारनियमनाच्या काळात 'अक्षय प्रकाश' योजनेत गावांनी संध्याकाळी पंप आणि जड उपकरणं बंद ठेवायची आणि बदल्यात दिव्यांपुरती अखंड वीज घ्यायची, असा सौदा झाला. 2006 साली पुण्यात उद्योगांनी गर्दीच्या वेळी स्वतःचे जनरेटर चालवले, त्यांची वाचलेली वीज शहराला मिळाली, आणि वाढीव खर्च आयोगाच्या परवानगीने ग्राहकांच्या बिलात वाटला गेला. डिझेल जाळून अंधार टाळणं मला फारसं रुचत नाही. पण कारखान्याचा एक स्विच म्हणजे शहराचं वीजकेंद्र होऊ शकतं, हे तेव्हा दिसलं.

2010 पासून तर नियामक आयोगाचे मागणी व्यवस्थापनाचे विनियमच आहेत. वीज वाचवण्याच्या कार्यक्रमावर वितरण कंपनीने केलेला खर्च दरात धरता येतो. तो का धरायचा? संध्याकाळच्या गर्दीत एक मेगावॉट कमी लागला तर तेवढा संच, तेवढी लाइन बांधायची राहते. वाटेतली गळती पंधरा टक्के धरली तर तुमच्या मागाजवळ वाचलेलं एक युनिट म्हणजे निर्मितीकडे जवळपास 1.18 युनिट.

सोलापूरचा टेक्स्टाइल समूह ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने लघु-मध्यम उद्योगांच्या कार्यक्रमात अभ्यासलेला आहे. राज्यात हे काम महाऊर्जा या सरकारी संस्थेकडे असतं. 2025 च्या जुलैपासून केंद्राची 'अदिती' नावाची योजना आहे. तीत कार्यक्षम यंत्रांसाठी घेतलेल्या कर्जावर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात 5 टक्के, मध्यम उद्योगांना 3 टक्के सवलत मिळते. त्यासाठी आधी ऊर्जा लेखापरीक्षण लागतं. या शब्दाला आपल्याकडे उगाच घाबरतात, जणू आयकराची धाड. तो माणूस येतो, मीटर लावतो, चार दिवस कारखान्यात फिरतो आणि कुठे किती जळतंय ते लिहून देतो. तुमच्या वह्यांना तो हात लावत नाही.

मालकांच्या बिलात शेवटी दोन गोष्टी निघाल्या. कपॅसिटर पॅनेलमधल्या दोन पायऱ्या बंद होत्या. कधीपासून, ते कुणालाच सांगता येईना. दुसरं म्हणजे, डिमांड एका दुपारी 280 ला टेकली होती. तारीख बघितल्यावर फिटरला आठवलं. लाइट गेली होती, आणि शिपमेंटची गडबड होती.

मालकांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. "म्हणजे या अर्ध्या तासाचे पैसे अकरा महिने भरायचे?"

"पुढच्या महिन्यापासून मोजायचे."

त्यांनी दुसरा चहा सांगितला, आणि फिटरला आत बोलावलं.